बायकोच्या रंगवहीत माझा हात

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. माझ्या बायकोचं मनगट मोडलं ते माझ्यामुळे. मी काही तिला ढकललं नाही. रविवारी सकाळी अंगणात स्कूटर धुतली, साबणाची पावडर जरा सढळ हातानं टाकली, वरून पाणीही मारलं, पण उंबऱ्यापुढचा फेस तसाच राहिला. ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली आणि सरळ उजव्या हातावर पडली. पांढरी भुकटी सगळीकडे उडाली. त्या क्षणी मी आधी स्कूटरकडे बघितलं, तिच्यावर रांगोळी उडाली का ते. मग बायकोकडे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हाताला प्लास्टर घालत असताना तिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "गौरीपतोर बरा हुईल न्हवं हात?"

डॉक्टर म्हणाले, "गौरी कधी आहेत?"

"भाद्रपदात."

तेव्हा माघ चालू होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तिच्या प्रश्नाला कारण होतं. कोल्हापुरात जुन्या पेठेतल्या एका बोळात आमच्या भावकीची पाच घरं आहेत. गौर येते त्या दिवशी बायका पाण्यावर जाऊन कळशीतून गौर आणतात आणि बोळाच्या तोंडापासून पाचही उंबऱ्यांच्या आत देवापर्यंत रांगोळीची पावलं काढलेली असतात. ती पावलं माझी आई काढायची. आईचे डोळे गेले तेव्हा तिनं रांगोळीचा डबा थोरल्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, न देता धाकटीला दिला. त्याला वीस वर्षं झाली. वहिनी ते विसरली असेल असं समजायचं काही कारण नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो माझ्या बायकोचा वाटत नव्हता. बारीक, पांढरट, आणि चिमूट धरायला गेली की अंगठा थरथरायचा. राजारामपुरीतल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं. मॅडम म्हणजे आमच्या मुलीएवढीच पोरगी, पण बोलायची अशी की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं त्याच आठवड्यात पार्सल पाठवलं. आत मोठ्या माणसांसाठीची रंगवही होती, सगळी सणांची चित्रं असलेली, आणि पत्र्याच्या डब्यात अठ्ठेचाळीस रंगीत पेन्सिली. फोनवर म्हणाली, "मम्मी, रोज थोडं थोडं रंगव. बोटांना व्यायाम होतो आणि डोकंपण शांत राहतं."

"डोकं शांतच हाय माझं," बायको म्हणाली. "तुझ्या पप्पांचं बघ."

मी शेजारीच उभा होतो.

वही छान होती. प्रत्येक पानावर एक सण, आणि त्यात मुंगीलासुद्धा पाय ठेवायला जागा नाही इतकी नक्षी. गुढीच्या कापडावर कोयऱ्या, कोयऱ्यांत फुलं, फुलांत ठिपके. फक्त वही काढणाऱ्याला आमच्या भागाची माहिती नसावी. सजवलेल्या बैलाच्या चित्राखाली त्यानं 'पोळा' असं छापलं होतं.

"अवो, ह्यात बेंदूर कुठाय?"

"पोळा म्हणजेच बेंदूर की."

"पोळा श्रावणाच्या अवसेला. आपला बेंदूर आषाढात. दोन्ही एक कसं?" तिनं डाव्या हातानं 'पोळा' खोडलं आणि खाली वाकड्या अक्षरांत 'बेंदूर' लिहिलं.

रोज रंगवायचं हे मात्र तिनं साफ नाकारलं. सणाचं पान सणादिवशीच, असा तिनं नियम केला. मुलगी फोनवर समजावत होती की ही नुसती चित्रं आहेत. बायको म्हणाली, "दिवाळीचं पान चैतात रंगवू? निवद दाखवायच्या आदी उष्टं केल्यागत हुईल ते." मग बाकीच्या दिवशी ती रबराचा चेंडू दाबायची, वाटाणे सोलायची आणि ओलं फडकं पिळायची. सणाचं पान ही परीक्षा होती. तिच्या मनात पाढा पक्का होता: पाडव्याला हात एवढा, वटपौर्णिमेला तेवढा, आणि गणपतीपर्यंत पूर्ण.

पाडव्याचं पान बिघडलं. तीन तास ती खाली मान घालून बसली होती, जिभेचं टोक बाहेर. पण पेन्सिल रेषेपाशी आली की हात उडी मारायचा. गुढीचं कापड हिरवं आणि त्याचा हिरवा रंग आकाशात, काठीचा पिवळा कापडात, लिंबाचा पाला तांब्यावर. तिनं पान लांब धरून बघितलं, वही मिटली आणि फ्रिजवर टाकली.

"बालवाडीतलं पोर बरं," एवढंच म्हणाली, आणि फिजिओथेरपीला निघून गेली.

आता माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषा तपासतोय. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही ट्रेसिंग कागदावर शाईनं ड्रॉइंग काढायचो. शाई रेषेबाहेर गेली तर कागद फेकून देत नसत. दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं आणि हलक्या हातानं शाई खरवडायची. ही कला आता कुणाला नको आहे. पहिल्या पाळीला सकाळी सातला जातो, चारला घरी येतो, आणि पाचला बायको बाहेर पडते. म्हणजे रिकामा तास, जवळ ब्लेड, आणि मनगट मोडल्याचं ओझं. माणूस याच्यावर काय करणार?

मी फक्त आकाशातला हिरवा डाग खरवडला. तो निघाला. मग पाल्याचा एक डाग. मग लक्षात आलं की काही ठिकाणी रंग फार बाहेर गेलाय, तिथं खरवडलं तर कागद फाटेल. तिथं मी दुसरी युक्ती केली. रंग रेषेच्या आत आणता येत नसेल तर रेष रंगाच्या बाहेर नेता येते. काळ्या पेन्सिलीनं रेष बाहेरून थोडी जाड केली. डाग पोटात गेला. गुढी जरा धष्टपुष्ट दिसायला लागली, पण नीट.

वही परत फ्रिजवर, होती तशी तिरकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी तिनं उगीच वही उघडली. खिडकीपाशी नेली.

"अगं बाई," ती म्हणाली. "उजेडात बरं दिसतंय की वो."

मी चहात खारी बुडवत होतो. खारी मोडून चहात पडली. "काल तू दमलेलीस," मी म्हणालो. "दमलं की सगळं वाईटच दिसतं."

त्या दिवशी तिनं चेंडू शंभर वेळा दाबला. गुणगुणत दाबला. मला वाटलं, यात काय वाईट झालं? एवढ्यावर थांबलो असतो तर खरंच काही वाईट झालं नसतं.

वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळणारी बाई होती. बायकोचा हात बराच सुधारला होता, पण साडीच्या काठाला चार ठिकाणी घसरला होता. मी रेषा सावरल्या. एका बाजूनं सावरल्यावर दुसरी बाजू बारीक वाटू लागली, म्हणून तिकडूनही सावरलं. ती बाई शेवटी चांगली दोन शिवणी उसवाव्या लागतील इतकी रुंद झाली. बेंदराच्या बैलाचंही तसंच. बायकोनं शिंगांना हिंगूळ रंग दिला होता, झूल जांभळी केली होती. मी वशिंड सावरायला गेलो आणि बैल असा तयार झाला की गावाकडच्या माणसानं त्याला नांगराला जुंपायच्या आधी बोली लावली असती.

"माझा बैल बघा," बायको मुलीला फोटो पाठवून म्हणाली. "खाऊन पिऊन हाय."

हे चालू असताना एक अडचण आली. काळी पेन्सिल झिजत चालली. बायकोनं ती एकदा दुसऱ्या पेन्सिलींशेजारी उभी करून बघितली. "मी तर हिनं नुसतं केस रंगवती. एवढीशी कशी झाली?"

"काळा रंग मऊ असतो," मी म्हणालो. हे खोटं इतक्या तयारीनं बाहेर आलं की मलाच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवर जाऊन मी तशीच एक सुटी काळी पेन्सिल शोधली. पण नवी पेन्सिल लांब. मग जेवणाच्या सुट्टीत फौंड्रीतल्या टेबलाशी बसून मी ती शार्पनरनं जुनीएवढी होईपर्यंत तासली. लाकडाच्या चकत्यांचा ढीग झाला. आमच्या मिस्त्रीनं ते बघितलं. मिस्त्री म्हणजे पॅटर्न शॉपमधले चाचा. धातू ओतायच्या आधी साच्यासाठी वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो, आणि चाचांच्या हातचा पॅटर्न आजवर परत आलेला नाही.

"साहेब," चाचा म्हणाले, "लिहायला न्हाय, मग टोक काढायचा शौक लागला काय?"

मी हसून वेळ मारून नेली.

नागपंचमीला सकाळीच मला मलकापूरला जावं लागलं. आईच्या मामेभावाचं दिवसकार्य होतं, दोन रात्री राहणं झालं. तिकडं बसून सगळ्यांचं रडणं ऐकत मी विचार करत होतो की नागाच्या पानाचं काय झालं असेल. त्या पानावर नागाच्या अंगाला शेकडो खवले होते, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढा. हे पान तिचं धैर्य मोडणार, अशी माझी खात्री होती. परत आलो तर वही घरात नव्हती. ती फिजिओथेरपीच्या मॅडमकडे होती. मॅडमनी दुसऱ्या पेशंटांना दाखवायला मागून घेतली होती.

राखीला वही परत आली आणि बरोबर निरोपही आला. मॅडम म्हणाल्या होत्या, "काकू, कंट्रोल खूप छान आलाय. आता आठवड्यातून एकदाच या."

बायको पेढे घेऊन आली. मी माझा पेढा तसाच वाटीत ठेवला. मी तिच्या नकळत वही उघडली. नाग सुंदर होता. शेपटीपाशी एक खवला बाहेर सांडला होता, तिथं मी रेष जाड केली. मग राखीचं पान सावरलं, पुढं गोकुळाष्टमीचं सावरलं, आणि रोज रात्री अंथरुणावर पडलो की मनातल्या मनात मॅडमसमोर उभा राहायचो. मॅडम विचारायच्या, काका, हे कुणी केलं? मी उत्तर द्यायच्या आत झोप लागायची. ही माझ्या पश्चात्तापाची खरी लांबी, खोटं कशाला सांगू.

गणपतीचं पान फार वाईट झालं. तिनं आठ दिवस चेंडू हातात धरला नव्हता. हात बरा झाला म्हटल्यावर चेंडू कोण दाबतंय? शिवाय गणपतीच्या आधीचा सगळा आठवडा ती घर झाडत, डबे घासत होती. दुपारी नैवेद्य झाल्यावर तासभर तिनं रंगवलं आणि आरतीच्या तयारीला उठली. मी पान बघितलं. सोंडेचा शेंदरी रंग मोदकात, मोदकाचा पिवळा उंदरात. मी घाईनं सावरायला बसलो. रेषा जाड करून करून उंदीर मांजराएवढा झाला.

संध्याकाळी वहिनी आली. आमची वहिनी तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी कमी-जास्त झालं तर सगळ्यांआधी तीच येऊन उभी राहते. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"धाकटे, हे बघ काय आणलंय." तिनं पिशवीतून तयार पावलं काढली. चिकटवायची, लाल-सोनेरी, जोडी-जोडीनं. "पाठीमागचा कागद काढायचा की लावायचं. तुझ्या हाताला तरास नगं. पाची घरांचं दहा मिनटांत हुतंय."

बायको शांतपणे उठली. वही आणून वहिनीच्या मांडीवर ठेवली. "आक्का, हे बघा आदी. मग सांगा, माझ्या हाताला काय झालंय ते."

वहिनी अंगठा ओला करून पानं उलटू लागली. वडाच्या बाईपाशी थांबली. "ही कुणाच्या घरची म्हणायची? सुखात दिसतीया." मग नाग बघितला आणि गप्प झाली. वहिनी गप्प झालेली मी त्याआधी एकदाच बघितली आहे, तिच्या दाढेला कीड लागली होती तेव्हा. शेवटी ती म्हणाली, "काढ बाई मग. तुझा हात चांगला झाला, मला का वाईट वाटंल?" आणि जाता जाता पिशवी मात्र आमच्या टेबलावरच ठेवून गेली. "राहू दे, अडीनडीला."

बायकोनं ती पिशवी उचलून कपाटाच्या वर फेकली.

गौर परवावर आली होती. मी रात्रभर हिशेब मांडत होतो, नुसता पावलांचा. बोळाच्या तोंडापासून पाच घरं. प्रत्येक घराला आतपर्यंत वीस-बावीस पावलं. सगळी भावकी बघत उभी. आणि तो हात, ज्यानं दुपारीच गणपतीच्या सोंडेचा रस्ता चुकवला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर मी चाचांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, साबणाच्या फेसापासून. स्कूटरकडे आधी बघितलं, तेवढं वगळून. चाचांनी रंधा थांबवला नाही. लाकडाचे वळसे पडत राहिले.

"म्हणजे ड्रॉइंग तुम्ही सुधारलं," ते म्हणाले.

"व्हय."

"पॅटर्नला हात न्हाय लावला."

"न्हाय."

"मग कास्टिंग जुनंच येणार की साहेब. ड्रॉइंग बघून लोखंड सुधरतंय व्हय?" मग रंधा खाली ठेवून म्हणाले, "आज सांगा. उद्या सांगितलासा तर सगळ्या बोळासमोर सांगायला लागंल."

चारला घरी आलो. ती रांगोळी चाळत होती. मी चपला न काढताच म्हणालो, "तुझ्या वहीत मी हात घातलाय."

"कुठल्या?"

"रंगवहीत. पाडव्यापासून. तू फिजिओथेरपीला गेलीस की मी बाहेरचा रंग खरवडायचो. रेषा जाड करायचो. काळी पेन्सिल पण मीच संपवली. तुझा हात एवढा बरा झालेला न्हाय."

तिनं चाळणी खाली ठेवली. हात पदराला पुसले. वही आणली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली. "दाखवा," म्हणाली. "कुठं कुठं ते."

मी पान-पान दाखवत गेलो. गुढीचं आकाश माझं. वडाच्या बाईचा काठ माझा. बाईची कंबर माझी. बैलाचं वशिंड माझं, खूर माझे. ती प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होती, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर लाली चढत चालली होती. मला वाटलं आता ती रडेल, म्हणून मी जास्तच प्रामाणिक होत गेलो. नागाचं पान आलं. मी म्हणालो, "हे सगळंच माझं समज."

"काय तुमचं?"

"हे खवले. हे सगळं मीच सावरलंय."

तिनं वही स्वतःकडे ओढली. "नागपंचमीला तुम्ही कुठं हुता?"

"कुठं म्हणजे..."

"मलकापूरला गेलता. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सांजचं आलासा तवा वही मॅडमकडं हुती. मी सकाळी दिऊन आलते."

मी नागाच्या पानावरचं बोट उचललं.

"दोन दिवस बसले हुते मी ह्याला," ती म्हणाली. "घरात कोण न्हाय. स्वैपाक केला न्हाय, केळी खाल्ली. एक खवला करायची, हात मांडीवर ठेवायची, परत एक करायची. चारशे बारा हायत. मोजल्यात मी."

मी वही जवळ घेऊन बघितली. शेपटीपाशी ती एक जाड रेष होती, माझी. बाकी कुठंही काळं नव्हतं. ब्लेडची खूणही नव्हती. एवढे दिवस ते पान उघडलं की मला आतून बरं वाटायचं. बघ, किती स्वच्छ काम केलंस, असं मी स्वतःला म्हणायचो. एका रेषेवरून सगळा नाग मी माझ्या नावावर करून बसलो होतो. का, तर तो चांगला झाला होता म्हणून. चांगलं झालंय म्हणजे ते तिचं असणार नाही, हे मी कधी ठरवलं ते मला आठवत नाही. त्यामुळंच जास्त वाईट वाटलं. मनगट मोडलं तो अपघात होता. हे अपघातानं झालेलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"वाकडं झालेलं तुम्ही सावरलं, त्याचं एक वेळ काय न्हाय," ती म्हणाली. "पर सरळ झालेलं बी तुमचंच व्हय?"

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण गणपतीकडे तोंड करून. "देवा, ज्यांना जेवायचंय त्यांनी वाढून घ्या म्हणावं." मी वाढून घेतलं. आमटी गार होती, ती तशीच खाल्ली.

गौरीच्या दिवशी मी रजा काढली होती. ती दुपारी तीनला डबा घेऊन बोळाच्या तोंडाशी गेली. मी मागोमाग गेलो. काहीतरी धरायला लागेल, उचलायला लागेल, असं मनात होतं. तिनं मागं न बघता सांगितलं, "तुम्ही हितं उभं ऱ्हावा. गाड्या अडवा. खाली बघायचं न्हाय."

मी गाड्या अडवायला उभा राहिलो. एक मोटारसायकलवाला आला. "काय पावणं, रस्ता बंद हाय काय?" मी म्हणालो, "गौर यायची हाय." तो म्हणाला, "मग मंडप कुठाय?" त्याला समजावता समजावता मी खाली बघितलंच.

पहिली दहा-बारा पावलं चांगली होती. पहिल्या घराच्या आत जाऊन ती बाहेर आली तेव्हा मनगट दुसऱ्या हातानं चोळत होती. वहीत एका खवल्यानंतर हात मांडीवर ठेवता येतो. इथं बायका पाण्यावरून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. तिसऱ्या घरापासून पावलं बदलायला लागली. टाच मोठी, मग बारीक. एक डावं पाऊल उजवीकडे वळलेलं. चौथ्या घराच्या उंबऱ्यावर एका पावलाला सहा बोटं आली. ते घर वहिनीचं.

वहिनी दारात उभी होती. तिनं वाकून बघितलं. दोन-तीन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. कपाटावरची ती पिशवी मी काढून आणायची का, असाही विचार आला.

"धाकटे," वहिनी म्हणाली, "यंदा गौर लंगडत आली काय गं?"

बायकोनं मान वर केली नाही. "लांबनं आलीया आक्का. पाय दुखायल्यात तिचं."

वहिनी हसणाऱ्या पोरींकडे वळली. "दात काय काढताय गं? गुडघं दुखायला लागल्यावर कळंल तुमास्नी. पाणी आणा तिला." आणि स्वतः खाली बसून, डबा उचलून बायकोच्या उजव्या हाताजवळ सरकवला. रांगोळीला मात्र बोट लावलं नाही. माझ्या वहिनीला जे कळलं होतं ते मला कळायला पाडव्यापासून गौरीपर्यंतचा वेळ लागला होता.

पाचवं घर आमचं. बाहेर बायकांची गाणी ऐकू येऊ लागली होती, अजून लांब होती. ती अंगणातून आत आली, पुढची खोली संपवली. शेवटची जोडी गौरीच्या जागेसमोर काढायची राहिली. गाड्या अडवायचं काम संपलं होतं, म्हणून मी दारात उभा होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिनं हात झटकला, बोटं दोनदा उघडून मिटली आणि चिमूट भरली. टाच काढली, तळवा काढला. अंगठा, मग एकेक बोट. शेवटच्या बोटाला अंगठा थरथरला आणि भुकटी बाहेर सांडली. ती मागं सरकून बघत राहिली. माझा हात आपोआप खिशात गेला, रुमालाचं टोक ओलं करून ती भुकटी टिपायला कितीसा वेळ लागला असता. मी हात खिशातच ठेवला.

"कसं आलंय?" तिनं विचारलं.

काल संध्याकाळपासून माझ्याकडे तोंड करून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"करंगळी वाकडी आलीया," मी म्हणालो.

तिनं परत बघितलं. मान तिरकी करून, मी ड्रॉइंग बघतो तसं.

"व्हय," ती म्हणाली. "वाकडीच आलीया." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि गौर घ्यायला दाराकडे गेली. मी बाजूला झालो.